कच्छचे रण ते ठाण्याची खाडी : रोहित पक्ष्यांची वाट

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे स्थायिक झालेल्या अनेक जैन कुटुंबांचे मूळ गाव कच्छ किंवा सौराष्ट्रात आहे. व्यापारउदिमाच्या निमित्ताने त्यांचे पूर्वज या किनाऱ्यावर आले आणि येथलेच झाले. याच दोन भूमींच्या दरम्यान आणखी एक समुदाय दरवर्षी ये-जा करीत असतो. गुजरातीत ज्यांना सुरखाब आणि मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, ते हे फ्लेमिंगो पक्षी होत.

कच्छचे मोठे रण हे या पक्ष्यांचे भारतातील प्रमुख प्रजननक्षेत्र आहे. पावसाळ्यात रणात उथळ पाणी साचले की तेथे चिखलाच्या बुटक्या घरट्यांची वसाहत उभी राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कच्छचे महाराव खेंगारजी (तिसरे) यांच्यामुळे या स्थानाची माहिती अभ्यासकांना झाली. 1945 साली डॉ. सालिम अली तेथे गेले, तेव्हा त्यांनी पक्ष्यांची संख्या सुमारे पाच लाख असल्याचा अंदाज केला.

मुंबई-ठाण्याच्या खाडीत मात्र रोहितांचे मोठे थवे दिसू लागले ते 1990 च्या दशकात. प्रथम शिवडीच्या चिखलपट्ट्यावर आणि नंतर ऐरोली-भांडुपपर्यंत ते पसरले. चोच पाण्यात उलटी बुडवून सूक्ष्म शेवाळ गाळून खाणे, ही धाकट्या रोहिताची रीत आहे. शहरांच्या सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ वाढले आणि त्यामुळे हे पक्षी येथे स्थिरावले, असे काही अभ्यासक मानतात. 2019 मध्ये झालेल्या गणनेत त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यापूर्वीच, 2015 साली, महाराष्ट्र शासनाने खाडीचे सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले होते. पुढे 2022 मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे ‘रामसर’ पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली.

हे पक्षी येथून नेमके कोठे जातात, हा प्रश्न दीर्घकाळ अनुमानावरच सोडवला जात असे. पायात कडी घालून सोडलेला पक्षी पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला, तरच त्याच्या प्रवासाचा धागा हाती लागे. 2022 च्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारी छोटी यंत्रे बसविली. त्यांपैकी काहींना हुमायून, सालिम, खेंगारजी अशी नावे देऊन पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्यात आले. पावसाळ्याच्या सुमारास हे पक्षी गुजरातच्या किनाऱ्याकडे गेल्याचे आणि पुढे पुन्हा खाडीकडे परतल्याचे या यंत्रांनी दाखविले. कच्छ आणि ठाणे ही जणू एकाच कुटुंबाची दोन घरे आहेत, हे त्यामुळे पुराव्यानिशी सिद्ध झाले.

या निरीक्षणांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. ओहोटीला उघडा पडणारा खाडीतील चिखल हे रोहितांचे अन्नछत्र आहे, परंतु भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जाते. त्या काही तासांत पक्ष्यांना विसाव्यासाठी जवळपासची उथळ तळी आणि पाणथळ जागा लागतात. नवी मुंबईतील नेरूळचे तळे आणि त्याच्या आसपासच्या जागा त्यांपैकीच होत. त्या नाहीशा झाल्यास अभयारण्य कागदावर अबाधित राहील, पण पक्ष्याला दिवसातून दोन वेळा निराश्रित व्हावे लागेल.

हे संकट काल्पनिक नाही. 2024 साली नेरूळच्या तळ्यात भरतीचे पाणी येणे बंद झाले आणि तेथे रोहित मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात घाटकोपर येथे विमानाच्या धडकेने 39 रोहितांचा अंत झाला. नागरिकांनी नेटाने पाठपुरावा केल्यानंतर 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळचे तळे संवर्धन राखीव म्हणून घोषित करण्यास मंजुरी दिली. या इतिहासातील हे एक आश्वासक पान म्हणावे लागेल.

जैन समाजात पक्ष्यांना दाणे घालण्याची आणि पांजरपोळ चालविण्याची परंपरा मोठी आहे. रोहित मात्र चबुतऱ्यावर येऊन दाणे टिपणारा पक्षी नव्हे. त्याला मनुष्याकडून अन्नाची अपेक्षा नाही. त्याला हवी आहे ती फक्त चिखलाची, उथळ पाण्याची मोकळी जागा, आणि तिच्यावर भराव न टाकण्याचा मनुष्याचा संयम. कल्याणहून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचा एक फाटा ठाण्याजवळ याच खाडीला मिळतो. त्यामुळे खाडीचे आरोग्य राखण्याचे उत्तरदायित्व काठावरच्या वस्तीइतकेच कल्याण-डोंबिवलीकरांवरही येते. पूर्वजांच्या भूमीतून दरवर्षी येणाऱ्या या पाहुण्याचा विसावा कायम राखणे, हीसुद्धा जीवदयाच होय.