चिनी शंखजिऱ्याच्या कोरीव वस्तू
चिनी शंखजिऱ्याच्या कोरीव वस्तू (संग्रह) : चीनमध्ये मऊ दगडात कोरलेले शिक्के, मूर्ती, फुलदाण्या व शोभेच्या वस्तू यांचा संग्रह. बाजारात अशा सर्वच दगडांना ‘सोपस्टोन’ म्हणतात. खरे शंखजिरे (संगजिरे) टाल्क खनिजाचे असते. नामांकित चिनी दगड मात्र बहुधा पायरोफिलाइट किंवा डिकाइट या खनिजांचे असतात.

दगड : फूज्येन प्रांतातील शौशान, ज्येज्यांगमधील छिंगथ्येन व छांगह्वा आणि अंतर्गत मंगोलियातील बालिन येथील दगड प्रसिद्ध आहेत. शौशानचा पिवळा ‘थ्येनह्वांग’ सर्वांत मोलाचा मानतात. छांगह्वाच्या दगडातील रक्तवर्णी छटा हिंगुळामुळे येते.

कारागिरी : मोस मापश्रेणीवर टाल्कची कठिनता १, तर जेडची ६ ते ७ असते. जेड घासून घडवावा लागतो. हे मऊ चिनी दगड मात्र साध्या पोलादी हत्याराने कोरता येतात. म्हणूनच मिंग काळात वन फंगसारखे विद्वान स्वतः दगडी शिक्के कोरू लागले. छिंग काळात यांग युश्वान व चौ पिन यांनी शौशान दगडातील शिल्पकला उंचीवर नेली. पुढे निर्यातीसाठी माकडे, फुले, वेली कोरलेल्या वस्तू मोठ्या प्रमाणावर घडल्या. अशा मालात दगडापेक्षा कोरणाऱ्याचा हात पाहणे महत्त्वाचे.

पारख व जतन : अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे तळावरील ‘चायना’ हा ठसा कालनिर्णयास मदत करतो. ठसा नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. रेझिनच्या नकलेत साच्याची शिवण किंवा बुडबुडे दिसू शकतात. सुईने ओरखडा काढून पाहू नये, त्याने वस्तू कायमची बिघडते. भिंगातून हत्याराच्या खुणा व कडांची झीज तपासावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. वस्तू उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवावी.

महाराष्ट्र : मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांमुळे चिनी कलावस्तू येथील घरांत आल्या. सर रतन टाटा (१८७१–१९१८) व सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांचे संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तेथील चिनी दालनातील जेड व तपकिरीच्या कुप्या पाहून कोरीवकामाची नजर तयार होते.

कायदा : भारताच्या पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो व खासगी निर्यातीस बंदी आहे. खरेदीची पावती, छायाचित्र व मालकीचा पूर्वेतिहास जपणे हे संग्राहकाचे कर्तव्य होय. त्या नोंदीवाचून उत्तम वस्तूही अभ्यासाला निम्मीच उपयोगी पडते.