बोटाखालची कळ

गणकयंत्राच्या बुद्धीचे आपण कौतुक करतो. कळीची आठवण मात्र कोणास होत नाही. १९७२ साली अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डने ३५ कळांचे एचपी-३५ काढले. कळ दाबताच ‘टक्’ होई. आकडा पोहोचल्याची ती बोटाला मिळालेली पावतीच! पुढे १९९९ च्या एचपी-४९जीला रबरी कळा आल्या आणि जाणकार हळहळले. १९९५ मध्ये बंद पडलेल्या एचपी-४२एसची परंपरा २०१७ साली स्वित्झर्लंडमधील स्विसमायक्रोजने डीएम४२ काढून पुढे चालविली. परंतु थोडीच यंत्रे करावयाची, तर साच्याचा सारा खर्च त्या थोड्यांवरच पडतो. आणि कळ व तिचे भोक यांत केसभर फरक राहिला, तरी कळ अडकते. आकडा उमटलाच नाही, तर बिनचूक यंत्रही चुकीचेच उत्तर देणार. म्हणून आम्ही म्हणतो, हिशेबाचा खरेपणा बोटापासून सुरू होतो.