पडद्यावरचे गुरुजी : मेक्सिकोची टेलेसेकुंदारिया

१/
शिक्षकच मिळत नसतील, तर शाळा काढायची कशी? १९६०च्या दशकात मेक्सिकोपुढे हा प्रश्न उभा राहिला, तो आधीच्या यशामुळे. शिक्षणमंत्री हायमे तोरेस बोदेत यांच्या १९५९च्या अकरा वर्षीय योजनेने प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचवल्या. ती मुले सहावी उत्तीर्ण झाली आणि पुढे वाटच नव्हती.

२/
अडचण मुळात रचनेची होती. प्राथमिक शाळा एका गुरुजींवर चालते. माध्यमिक शाळेत गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, इंग्रजी अशा प्रत्येक विषयाला स्वतंत्र शिक्षक लागतो. वीस मुलांच्या वस्तीसाठी इतके शिक्षक आणायचे कोठून?

३/
तत्कालीन शिक्षणमंत्री आगुस्तीन यान्येस (हे स्वतः नामवंत कादंबरीकार) यांच्या काळात उत्तर सापडले. आधी मेक्सिको सिटीत प्रयोग झाला. मग जानेवारी १९६८मध्ये दूरचित्रवाणीवरून माध्यमिक वर्ग रीतसर सुरू झाले : ३०४ वर्ग, ६,५६९ विद्यार्थी. त्याच महिन्यात या शिक्षणाला अधिकृत मान्यता मिळाली. ती नसती, तर गावकऱ्यांनी मुले पाठवली असती का, ही शंकाच आहे.

४/
वर्ग चाले तो असा. राजधानीतील स्टुडिओतून विषयतज्ज्ञ सुमारे वीस मिनिटे धडा शिकवीत. प्रक्षेपण थेट असे; वीज गेली की तो धडा गेलाच. संच बंद झाल्यावर खरे काम सुरू होई. वर्गात बसलेले समन्वयक शिक्षक, बहुधा प्राथमिकचा अनुभव असलेले, शंका सोडवीत आणि लेखी सराव करून घेत. सर्व विषयांना मिळून हे एकटेच! त्यामुळे दूरचित्रवाणीने शिक्षक हटवला, हा समज चुकीचा ठरतो. तिने एकाच शिक्षकावर माध्यमिक वर्ग चालवणे शक्य केले.

५/
वर्गाची जागा मात्र बहुधा गावालाच द्यावी लागे. ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते, त्यांनीच आपल्या शाळेचा भार उचलला, ही बाजू कौतुकाच्या ओघात हमखास गळून जाते. आणि वर्षही लक्षात घ्यावे. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच दियास ओर्दास सरकारच्या राजवटीत.

६/
१९७०च्या दशकात स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी पाहणी केली. टेलेसेकुंदारियाची मुले नेहमीच्या शाळांतील मुलांच्या तोडीस तोड शिकत होती, तेही कमी खर्चात. पुढील दशकांतील चाचण्यांत मात्र ती मागे पडलेली दिसली. दोष पडद्याचा की दारिद्र्याचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण या शाळा देशातील सर्वांत गरीब वस्त्यांत आहेत, हे विसरून केलेली तुलना अन्यायाचीच.

७/
‘तात्पुरता उपाय’ वाटावा अशी ही व्यवस्था आज १८,०००हून अधिक शाळांत, दहा लाखांहून अधिक मुलांना शिकवते. ऑगस्ट २०२०मध्ये महासाथीमुळे मेक्सिकोच्या शाळा उघडू शकल्या नाहीत, तेव्हा सरकारने देशभराचे वर्ग दूरचित्रवाणीवर आणले. त्या वेळी राजधानीतील मुलेही संचासमोर वही उघडून बसली.