दगडांची खाण ते भाषेची शाळा

वेल्सच्या वायव्येला लीन नावाचा एक चिंचोळा द्वीपकल्प समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर इर आइव्हलचे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात. या डोंगरांच्या कुशीत, वर कडे आणि समोर समुद्र अशी एक दरी आहे. तिचे नाव नांत गुर्थेर्न. नांत म्हणजे ओढ्याची दरी. गुर्थेर्न हा पाचव्या शतकातला राजा मानला जातो. इंग्रज त्याला व्हॉर्टिगर्न म्हणतात. त्याने सॅक्सन टोळ्यांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावले, त्यांनीच पुढे देश बळकावला आणि राजा पळून या दरीत लपला, अशी आख्यायिका आहे. ज्याने घर परक्यांच्या हाती दिले त्याच्याच नावाच्या दरीत आज वेल्श भाषा शिकवली जाते. मधली गोष्ट मात्र पाथरवटांची आहे.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल, मँचेस्टरसारखी शहरे झपाट्याने वाढत होती. मालाने लादलेल्या घोडागाड्यांच्या लोखंडी चाकांखाली मातीचे रस्ते टिकत नव्हते. फरसबंदीसाठी कठीण ग्रॅनाइट हवा होता आणि तो या डोंगरांत भरपूर होता. शतकाच्या मध्यावर दरीत खाण सुरू झाली. सुरुंगाने कडा फोडायचा, मोठे तुकडे चिरायचे, हातोड्याने त्यांचे चौकोनी दगड घडवायचे, उतारावरच्या रुळांवरून ते खाली धक्क्यापर्यंत सोडायचे आणि जहाजात भरायचे, असे हे काम. वेल्सच्या डोंगराचे तुकडे इंग्लंडच्या रस्त्यांवर जाऊन बसले.

कामगारांसाठी 1878 मध्ये दरीत वस्ती बांधली गेली. तिला पोर्थ इ नांत म्हणत. दगडी घरांच्या दोन रांगा काटकोनात उभ्या. एकीचे नाव ‘समुद्रदर्शन’, दुसरीचे ‘पर्वतदर्शन’ अशा अर्थाचे. शेजारी चॅपल, व्यवस्थापकाचे मोठे घर, दुकान. पुढे शाळाही आली. वरच्या गावाला जायचे तर उभी चढण. त्यामुळे बराचसा माल समुद्रमार्गेच यायचा.

खाणीचे भांडवल इंग्लंडचे होते, पण वस्तीत वेल्श नांदत होती. तो काळ या भाषेला सोपा नव्हता. 1847 मध्ये वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधल्या शिक्षणावर सरकारी अहवाल दिला आणि लोकांच्या मागासलेपणाचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले की पाटी त्याच्या गळ्यात जाई आणि शेवटी ती ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा होई. दोन भाषांच्या वर्गांत रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला या पाटीविषयी वाचून स्वस्थ बसवत नाही. मुलांनाच एकमेकांचे पहारेकरी बनवणारी ही शिक्षा होती. तरी भाषा टिकली, कारण ती चॅपलात होती, घरात होती आणि कामावरही होती. हातोडा चालवताना शेजारच्याशी जी भाषा बोलली जाते, तिला पाटी लावून संपवता येत नाही.

मग डांबर आले. मोटारगाड्यांना गुळगुळीत रस्ते हवे होते. घडीव दगडांची मागणी घटली. पहिल्या महायुद्धानंतर खाणीची उतरण लागली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत काम संपले. 1948 मध्ये शाळा बंद झाली. 1959 मध्ये शेवटचे कुटुंब दरी सोडून वर गेले. चॅपल होते, घरे होती, भाषेवर कोणी बंदीही घातली नव्हती. पण रोजगार गेला आणि माणसे गेली. पुढच्या काही वर्षांत छपरे कोसळली आणि भिंती उघड्या पडल्या.

1970 मध्ये जवळच्या लानाइलहायर्न गावात कार्ल क्लाउस नावाचे डॉक्टर आले. ते मँचेस्टरमध्ये वाढलेले, वेल्श मोठेपणी शिकलेले. गावची प्राथमिक शाळा बंद होऊ घातली होती. गावकऱ्यांसोबत लढून त्यांनी ती वाचवली. पण शाळेला मुले हवीत, मुलांसाठी तरुण आईबाप हवेत आणि आईबापांना काम हवे. हे ओळखून 1974 मध्ये गावाने स्वतःची सहकारी संस्था उभारली. याच विचारातून क्लाउस यांचे लक्ष ओसाड दरीकडे गेले. तिथे भाषेचे निवासी केंद्र झाले तर शिकणाऱ्यांना वेल्श मिळेल आणि परिसरातल्या लोकांना रोजगार. 1978 मध्ये एका विश्वस्त संस्थेने 25,000 पौंडांना ते गाव विकत घेतले. पडक्या घरांची डागडुजी सुरू झाली आणि 1982 मध्ये पहिले वर्ग भरले.

आज पाथरवटांच्या त्याच घरांत विद्यार्थी मुक्काम करतात आणि वर्गात शिकलेली भाषा जेवणाच्या टेबलावर वापरतात. चॅपलात वारसा केंद्र आहे. डोंगरावर खाणीचे टप्पे आणि रुळांचे उतार दिसतात, किनाऱ्यावर जुन्या कामाचे अवशेष आहेत. स्वयंपाकघरापासून वर्गापर्यंतच्या नोकऱ्या आहेत.

म्हणून वेल्श सुखरूप झाली असे नाही. 1901 मध्ये वेल्समधले निम्मे लोक ती बोलत. 2021 च्या जनगणनेत हे प्रमाण 17.8 टक्के निघाले. लीनमध्ये आता बाहेरचे श्रीमंत लोक सुट्टीसाठी घरे घेतात, किमती चढतात आणि स्थानिक तरुणांना आपल्याच गावात घर परवडत नाही. ग्विनेड परगण्याच्या कौन्सिलने 2023 पासून अशा दुसऱ्या घरांवर कौन्सिल कराच्या 150 टक्के जादा आकार लावला, त्यामागे हेच दुखणे आहे.

भाषेवरच्या आपल्या चर्चा बहुधा अभिमानापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. या दरीचा हिशोब साधा आहे. गावात काम होते तोवर भाषेला राखणदार लागला नाही. काम गेल्यावर चॅपलसुद्धा तिला धरून ठेवू शकले नाही. आणि ती परत आली, तेव्हा तिच्यासाठी आधी छपरे घालावी लागली.