पडद्यावरचें स्वप्न

स्वप्न दाखवावयाचें म्हणजे पडदा धुरकट करावयाचा, अशी चित्रपटसृष्टींत फार दिवसांची समजूत आहे, आणि तिला आधारहि जुना आहे. १९०० सालीं इंग्लंडांत जी. ए. स्मिथ यांनीं ‘लेट मी ड्रीम अगेन’ नांवाचा अगदीं चिमुकला चित्रपट काढला. त्यांत एक गृहस्थ एका नटव्या तरुणीशीं लाडीगोडी करीत बसला आहे. एवढ्यांत चित्र अस्पष्ट होतें, आणि पुन्हा स्पष्ट होतें तों हे महाशय आपल्या बिछान्यांत, शेजारीं धर्मपत्नी! येथें धूसरपणा हा स्वप्न व जागृति यांमधील केवळ उंबरठा होता. पुढें अनेकांनीं उंबरठ्यालाच घर मानलें.

परंतु आपला अनुभव काय सांगतो? दिवंगत आजोबा स्वप्नांत येतात तेव्हां त्यांच्या उपरण्याची किनारहि आपणांस स्पष्ट दिसते. मात्र अंगण कोंकणांतलें आणि दार पुण्याच्या बिऱ्हाडाचें असतें, व त्याचें आपणांस यत्किंचितहि नवल वाटत नाहीं. वस्तु खऱ्या असतात. खोटे असतात ते त्यांमधील दुवे. १९२९ सालीं पॅरिसमध्यें बुन्युएल व दाली यांनीं ‘अँ शियें आंदालू’ रचतांना हें मर्म ओळखलें होतें. पण प्रेक्षकाला हादरा देण्याच्या हौसेपुढें स्वप्नाची शांतता त्यांना साधली नाहीं, असें आमचें मत आहे.

ती साधली माया डेरेन यांना. १९४३ सालीं लॉस एंजेलिस येथें, आपल्या राहत्या घरांत, त्यांनीं पति अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा सुमारें १४ मिनिटांचा चित्रपट तयार केला. छायालेखन हॅमिड यांचें, प्रमुख भूमिका डेरेनबाईंची. सामग्री म्हणाल तर किल्ली, पाव कापण्याची सुरी, फूल, टेलिफोन व ग्रामोफोन. दुपारीं एक स्त्री घरीं येते, आरामखुर्चींत डोळा लागतो, आणि तेंच घरीं येणें पुन:पुन्हा घडूं लागतें. दर वेळीं सुरीची जागा मात्र निराळी. रस्त्यावर काळ्या वस्त्रांतली एक आकृति पुढें चाललेली असते. चेहऱ्याच्या जागीं आरसा. ती जिन्यानें वर जाते तेव्हां कॅमेरा डावीउजवीकडे कलतो व बाईहि तोल जाऊन भिंतींवर आदळते. घरच जहाजासारखें हेलकावत आहे असा भास होतो. पुढें एकाच मेजाशीं तीन डेरेनबाई बसतात. फितीचा कांहीं भाग झाकून तिच्यावर पुन्हा छाया घेण्याची युक्ति मेलिएसनें १९०० सालींच वापरली होती. पण त्याला टाळ्या हव्या होत्या. येथें तिघींपैकीं एकीलाहि आश्चर्य वाटत नाहीं, म्हणूनच आपल्या अंगावर कांटा येतो.

सर्वांत मोठी गोष्ट त्या चार पावलांची. सुरी घेऊन बाई निजलेल्या स्वतःकडे निघते: एक पाऊल समुद्रकांठच्या वाळूंत, एक गवतांत, एक फरसबंदीवर, एक खोलींतल्या गालिच्यावर. चाल अखंड, भूमि मात्र दर पावलाला दुसरी. खर्च म्हणावा तर कात्रीचा. आमच्याकडे भासानें ‘स्वप्नवासवदत्ता’ंत रंगभूमीवर स्वप्न आणलें तेंहि असेंच, कसल्याहि देखाव्याविना. वासवदत्ता खरीच शेजारीं असते, आणि राजाला ती स्वप्न वाटते. डेरेनबाईंनीं तीच गांठ उलट बाजूनें बांधली आहे: शेवटीं पति घरीं येतो तों खुर्चींत स्वप्नानें मारलेली पत्नी, आणि भोंवतीं फुटक्या आरशाच्या काचा.

हा चित्रपट मुळांत मूक होता. १९५९ सालीं तेइजी इतो यांचें संगीत त्याला जोडण्यांत आलें. तें उत्तम आहे. तरीहि आम्हांस मूक प्रतच अधिक खरी वाटते; तींत ग्रामोफोनवर तबकडी फिरत असते, आणि आवाज मात्र येत नाहीं.