नियंत्रित आग म्हणजे काय? वणव्याच्या आधी लावलेली आग

नियंत्रित आग म्हणजे ठरवून, योग्य हवामानात आणि ठरलेल्या पट्ट्यात लावलेली आग. पुढे वणवा पेटलाच, तर त्याला सलग सुकं गवत मिळू नये हा तिचा हेतू. आपल्याकडे वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. पण ही पद्धत मोजमापासकट समजून घ्यायची, तर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचं उदाहरण मला सगळ्यात चांगलं वाटतं.

जुनी पद्धत

तिथले आदिवासी हजारो वर्षं पायी फिरत गवत जाळत आले. पावसाळा संपल्यावर, मे ते जुलैच्या सुमारास, गवत पूर्ण वाळलेलं नसतं आणि रात्री दव पडतं. त्यामुळे आग बुटकी राहते आणि बरेचदा रात्री आपोआप विझते. जळालेले आणि न जळालेले तुकडे गोधडीसारखे शेजारी शेजारी राहतात. विसाव्या शतकात लोक मिशन आणि मोठ्या वस्त्यांकडे गेले, पठार ओस पडलं. मग ऑगस्टनंतरच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत प्रचंड वणवे लागू लागले.

आजची पद्धत

आता आदिवासी रेंजर पायी तर जाळतातच, शिवाय हेलिकॉप्टरही वापरतात. त्यातून पोटॅशियम परमँगनेटच्या छोट्या गोळ्या टाकतात. टाकताना यंत्र गोळीत ग्लायकॉल टोचतं, आणि काही सेकंदांनी, जमिनीवर पोचल्यावर, ती पेटते. कुठे काय जळलं ते 'नाफी' या वेबसाइटवर उपग्रहांच्या नोंदींवरून नकाशात दिसतं.

कार्बनचा हिशेब

2006 मध्ये पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर प्रकल्प सुरू झाला. डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने त्याला पैसे दिले. त्याबदल्यात वर्षाला 1,00,000 टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी करायचं ठरलं.

जळताना निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसातलं गवत परत शोषतं, म्हणून तो धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजतात. गणित सोपं आहे: जळालेलं क्षेत्र, हेक्टरी इंधन, त्यातलं किती जळलं आणि वायूचा गुणांक यांचा गुणाकार. तो आधीच्या वर्षांच्या सरासरीतून वजा करायचा. 1 ऑगस्टच्या आधीची आग आणि नंतरची आग वेगळी धरतात, कारण नंतरची आग जास्त इंधन खाते.

मर्यादा

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला इथे एक धोका दिसतो. सिस्टीम जे मोजते, त्यासाठीच माणसं काम करू लागतात. नकाशात जळालेलं क्षेत्र दिसतं. पण कुठल्या खडकाखाली जुनी चित्रं आहेत, अनबिनिक वृक्षांची कुठली राई आधी वाचवायची, हे त्यात येत नाही. ते त्या जमिनीच्या माणसांनाच ठाऊक असतं. म्हणून हेलिकॉप्टर कुठे न्यायचं, हे ठरवताना ती माणसं सोबत असावीच लागतात.