सर्पगंधेचा पत्ता

उम्म अल कुवैनहून रास अल खैमाकडे निघालात की ई-११ रस्त्यालगत, खोर अल बैदा या खाडीजवळ, वाळूचे एक ओसाड माळरान लागते. त्याचे नाव एद-दूर. गाडीच्या वेगात बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र इथे नांदती वस्ती होती. शमश या सूर्यदेवाचे छोटेसे मंदिर इथे सापडले, रोमन काचेची भांडी सापडली. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक पोथीतले ओमाना बंदर ते हेच, असे काही संशोधक मानतात. भडोचहून ओमानाला तांबे, चंदन, सागवान जात असे. त्याच पोथीत आपले पैठण, तेर आणि कल्याणही आहेत. आपल्या बाजूचा माल आखातात उतरतो, त्याला दोन हजार वर्षे झाली.

आज तो माल तुमच्या आई-बाबांच्या बॅगेतून येतो. मेतकूट, भाजणी, लोणचे आणि तळाशी वैद्यांची पुडी. इथल्या डॉक्टरांनी ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की आपण गोळ्यांची नावे सांगतो. पुडीचे सांगत नाही. ‘ते काय, झाडपाल्याचे आहे!’ या एका वाक्यासाठी तुम्हाला सर्पगंधेची गोष्ट सांगायची आहे.

सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरात आहे. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर उपयोगी असल्याचे लिहिले. जगाचे लक्ष गेले ते १९४९मध्ये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे आपले निरीक्षण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. पुढे बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य रेणू वेगळा काढला. त्याचे नाव रेझर्पीन. १९५७मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गुण येतो हे कळले. पण हा रेणू शरीरात जाऊन नेमका कोणाला पकडतो?

मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन भरून ठेवणारे एक प्रथिन असते, हमालासारखे. रेझर्पीन त्या हमालालाच जखडून टाकते. पिशव्या रिकाम्या होतात, रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप क्षीण होतो आणि रक्तदाब उतरतो. मात्र मेंदूतही तोच हमाल राबत असतो. म्हणून काही रुग्णांना मरगळ येते, मन उदास होते. १९५७मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेझर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. पार्किन्सनच्या उपचारांची वाट तिथून निघाली आणि २०००मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या हमाल-प्रथिनाचे जनुक हाती लागायला मात्र १९९२ साल उजाडले. वकिलांच्या लेखानंतर ४३ वर्षांनी!

अशी उत्तरे हजारो शोधनिबंधांत विखुरलेली असतात. ती एकत्र गुंफण्यासाठी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टिच’ नावाचा माहितीकोश उभारला. त्याचा पहिला निबंध २००८चा. तेव्हाच त्यात ६८,००० रसायने होती. रसायनाचे नाव टाकायचे, की त्याच्याशी संबंधित प्रथिनांचे जाळे समोर येते. प्रत्येक धाग्यावर विश्वासाचा आकडा असतो, कारण काही धागे प्रयोगातून आलेले असतात, तर काही केवळ निबंधांत दोन नावे वारंवार शेजारी आली म्हणून जोडलेले. २०१८मध्ये चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने ‘इम्पॅट’ हा भारतीय औषधी वनस्पतींचा कोश मांडला. त्यात १,७४२ वनस्पती आणि ९,५९६ वनस्पतीजन्य रसायने नोंदवली. आजीच्या बटव्याला आता अशी अनुक्रमणिका मिळू लागली आहे.

हे कोश संशोधकांसाठी आहेत. ते पाहून घरच्या घरी औषध ठरवू नका. मात्रा किती, कोणाला चालेल, हे तिथे कळत नाही. पण एक गोष्ट ते स्वच्छ दाखवतात: प्रथिनाला रेणू पुडीतून आला की गोळीतून, याचा पत्ता नसतो. बाबा रक्तदाबाची गोळी घेत असतील आणि वर सर्पगंधेची पुडीही, तर दोन्ही मिळून रक्तदाब नको इतका उतरू शकतो. आईची उदासी ‘इथे करमत नाही’ म्हणून असेल, किंवा पुडीमुळेही असेल. डॉक्टरांना पुडीच माहीत नसेल, तर त्यांनी ओळखावे कसे?

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पुडी बरोबर न्या. तीत काय काय आहे, ते वैद्यांकडून लिहून घ्या. निघण्यापूर्वी अमिरातीचे नियमही पाहा. काही औषधे आणायला इथे आधी परवानगी लागते. आणि आई-बाबांवर रागावू नका. त्या मुळाचा गुण खरा आहे, हे मुंबईच्याच एका डॉक्टरने जगाला पटवले होते. गुण खरा आहे, म्हणूनच तर ते सांगायला हवे.